'इराणी' म्हणजे कोण?

आपल्या खानदेशात 'इराणी' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तीन निरनिराळी चित्रे उभी राहतात. मुंबई-पुण्याला नोकरी करून परतलेल्या वडीलधाऱ्यांना कोपऱ्यावरचे हॉटेल, संगमरवरी टेबल आणि बनमस्का आठवतो. भुसावळ-जळगावच्या बाजारात वाढलेल्यांना चाकू-कात्र्या, चष्मे आणि अंगठीचे खडे विकणारे उंचेपुरे, गोरे स्त्री-पुरुष आठवतात. आणि लगोलग वर्तमानपत्रातील 'इराणी टोळी' हा मथळाही आठवतो. आजच्या विद्यार्थ्यांना मात्र वृत्तवाहिन्यांवरील तेल, क्षेपणास्त्रे आणि पगडीधारी सत्ताधीश एवढेच ठाऊक असते. शब्द एक, चित्रे तीन. आणि या तिन्ही चित्रांत एखादा माणूस, त्याचे नाव, त्याचे घर असे क्वचितच दिसते.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे इतिहासाचे शिक्षक या नात्याने लेख मागितला, तेव्हा संस्थेच्या वाटचालीवर इतर मान्यवर लिहितीलच, आपण या एका शब्दाचा इतिहास लिहावा असे आम्हांस वाटले. हा विषय आपल्या शाळेशी कसा निगडित आहे, हा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. मनुष्याची किंमत त्याच्या जन्मावरून ठरवू नये, या एका विचारावर ही शाळा आणि हे वसतिगृह उभे आहे. तो विचार आपल्यापुरता मांडणे सोपे असते. दुसऱ्याच्या बाबतीत तो पाळण्याची वेळ आली की त्याची परीक्षा होते.

प्रथम आपल्या गावापासूनच आरंभ करू. मुक्ताईनगर हे नाव अलीकडचे. आमच्या पिढीच्या शाळेच्या दाखल्यांवर 'एदलाबाद' असेच लिहिलेले आहे. एदलाबाद हे आदिलाबादचे आपल्या बोलीत रुळलेले रूप. त्यातील 'आबाद' हा शब्द अस्सल फारसी, म्हणजे इराणच्या भाषेतला. त्याचा अर्थ वसलेले. 'आदिल' म्हणजे न्यायी. न्यायी माणसाचे गाव! बुऱ्हाणपूरच्या फारुकी राजांची या प्रदेशावर सत्ता होती, त्या काळाची ही खूण आहे. इ. स. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि ती सत्ता संपली. परंतु फारसी शब्द आपल्या जिभेवर राहून गेले. शिवाजी महाराजांच्या काळात 'राज्यव्यवहारकोश' रचून राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले, तरीही मुलांच्या पाठीवरचे दप्तर, त्यातील कागद आणि शाई, वर्गातील हजेरी हे शब्द फारसीतून किंवा फारसीच्या वाटेने आलेले आहेत आणि ते आजही आपले आहेत. याहून लक्षणीय गोष्ट अशी की, एखाद्या इराण्याविरुद्ध आपण पोलिस ठाण्यात जातो, तेव्हाही त्याच्याच पूर्वजांच्या भाषेवाचून आपले चालत नाही. फिर्याद, गुन्हा, शिपाई, फौजदार, बंदोबस्त हे सारे शब्द तिकडचेच.

केवळ शब्दच नव्हे, तर पाणीही. तापीच्या वरच्या अंगाला असलेल्या बुऱ्हाणपुरात कुंडी भंडारा नावाची जलयोजना आहे. सातपुड्याच्या उतारावरून जमिनीखाली झिरपत येणारे पाणी भुयारी कालव्यात अडवून, शंभराच्या आसपास कुंड्यांच्या मालिकेतून, केवळ उताराच्या बळावर ते शहरापर्यंत आणलेले आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी, अब्दुर्रहीम खानखानान तेथे असताना, ही योजना उभी राहिली. ही पद्धत इराणची. तेथील वाळवंटी प्रदेशात तिला 'कनात' म्हणतात आणि हजारो वर्षे तेथील शेती तिच्यावर पिकत आली आहे. आम्ही सहलीच्या निमित्ताने विद्यार्थ्यांना तेथे घेऊन जातो. विहिरीसारख्या त्या कुंडीत उतरून थंडगार पाण्याचा आवाज ऐकताना मुले गप्प होतात. चवदार तळ्याचा इतिहास शिकलेल्या आपल्या मुलांना एवढेच सांगावेसे वाटते की, जमिनीखालचे पाणी दूरच्या माणसांपर्यंत नेण्याची विद्या ज्यांनी जगाला दिली, त्यांत इराणी माणूस अग्रभागी होता. याच बुऱ्हाणपुरात १६३१ साली मुमताजमहलचा मृत्यू झाला. तिचे आजोबा मिर्झा गियास बेग हे उपजीविकेच्या शोधात इराणातून निघालेले गृहस्थ होते. ताजमहालाचे कौतुक करताना ती एका स्थलांतरित कुटुंबातील मुलीची कबर आहे, हे आपल्या लक्षात राहत नाही.

आणखी मागे गेलो तर अजिंठा लागतो. जळगावहून तो फार दूर नाही. आपल्या शाळेची दरवर्षीची सहल तेथे जाते. पहिल्या क्रमांकाच्या लेणीच्या छतावर टोकदार टोप्या, अंगभर झगे आणि पायांत मोजे घातलेली, हातात पेला धरून बसलेली परदेशी माणसे रंगवलेली आहेत. एके काळी विद्वानांनी त्यांचा संबंध चालुक्य राजा दुसरा पुलकेशी आणि इराणचा सम्राट खुस्रो यांच्यातील शिष्टाईशी जोडला होता. ही लेणी पाचव्या शतकातील, वाकाटक हरिषेणाच्या काळातील आहे, असे वॉल्टर स्पिंक यांनी मांडल्यानंतर सातव्या शतकातील पुलकेशीचा तो संबंध टिकत नाही. परंतु चित्रातील माणसांचा वेष इराणी वळणाचा आहे, हे पाहणाऱ्याला जाणवते. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. चित्रकाराने त्यांना राक्षसही केले नाही आणि देवही केले नाही. आरामात बसलेली, खाण्यापिण्यात रमलेली माणसे त्याने पाहिली आणि तशीच रंगवली. बौद्ध विहाराच्या छतावर परक्या मुलखातील माणसाला एवढी सहज जागा मिळाली होती.

आणि हे नाते एका बाजूचे नव्हते. बौद्ध ग्रंथांचे चिनी भाषेत भाषांतर करणाऱ्या पहिल्या आचार्यांमध्ये ज्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते, ते आन शिकाव हे पार्थियाचे, म्हणजे प्राचीन इराणी राज्याचे रहिवासी होते. इ. स. १४८ मध्ये ते चीनमधील लोयांग येथे पोहोचले. राजपद सोडून ते भिक्खू झाले, असे परंपरा सांगते. तथागतांचा धम्म चीनला नेणाऱ्यांत एक इराणी भिक्खू होता, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावी.

आता कोपऱ्यावरच्या हॉटेलाकडे वळू. आमचे एक चुलते मुंबईत गिरणीत होते. सुटीवर गावी आले की ते इराण्याच्या हॉटेलाचे वर्णन मोठ्या रसाने करीत. गावाकडे चहाच्या दुकानात त्यांच्यासाठी वेगळी कपबशी असे; ती त्यांनीच विसळून ठेवायची, असा दंडक होता. मुंबईत मात्र इराण्याकडे सर्वांबरोबर त्याच टेबलावर, त्याच कपातून चहा. "त्यानं आमाले कधी जात नाय इचारली, फक्त आना इचारला," असे ते म्हणत आणि स्वतःच हसत. त्या एका आण्याच्या चहात किती मोठी गोष्ट सामावलेली होती, हे आम्हांस पुढे बाबासाहेबांचे ग्रंथ वाचताना उमगले.

हे हॉटेलवाले कोण होते? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इराणच्या यझ्द आणि केरमान भागांतून दुष्काळ, गरिबी आणि छळ यांना कंटाळून आलेली ही माणसे. त्यांत बहुसंख्य झरतुष्ट्री होते, काही मुस्लिम होते. मुंबईत १९०४ सालचे कयानी, १९२३ सालचे ब्रिटानिया, पुण्यात १९३५ सालचे गुडलक ही नावे आपल्या परिचयाची आहेत. कोपऱ्यावरची जागा अशुभ मानून हिंदू व्यापारी घेत नसत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळे, असे सांगितले जाते. ज्या जागेला अपशकुनी ठरवले, तीच जागा सर्वांच्या भेटीची झाली.

परंतु याहून खोल गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. इराणात या झरतुष्ट्री लोकांना अपवित्र मानले जात होते. त्यांच्या स्पर्शाने वस्तू बाटते, अशी समजूत होती. भिजलेल्या अंगामुळे विटाळ पसरेल म्हणून पावसात बाहेर पडण्यास त्यांना मनाई असे. मुसलमानासमोर घोड्यावर बसता येत नसे, ठरावीक रंगाचेच कपडे घालावे लागत, घराची उंचीही मर्यादित ठेवावी लागे. शिवाय जिझिया कर होताच. मुंबईच्या पारशी समाजाने १८५४ साली माणेकजी लिमजी हातारिया यांना इराणात पाठवले. त्यांच्या अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १८८२ मध्ये तो कर रद्द झाला. आपल्या आजोबांनी पेशवाईतील आणि त्यानंतरच्या ज्या कथा सांगितल्या, त्यांच्याशी हे किती जुळते! आमच्या चुलत्यांना चहा देणारा गल्ल्यावरचा इराणी हा कदाचित स्वतःच्या देशातील अस्पृश्याचा नातू असेल. दोघांनाही एकमेकांची ही ओळख नव्हती. सगळेच इराणी मालक उदार होते असा दावा आम्ही करीत नाही. त्यांना गिऱ्हाईक हवे होते, हेही खरे. परंतु विटाळ मानणाऱ्या समाजात विटाळ न मानता धंदा करणे, ही गोष्ट लहान नव्हे.

येथे एक कठीण प्रसंग टाळून पुढे जाता येणार नाही. १९१७ साली बाबासाहेब उच्च शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहण्यास कोणी जागा देईना. एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव धारण करून ते राहिले. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेले पारशांचे टोळके त्यांच्यावर चालून आले आणि त्यांना जागा सोडावी लागली. ज्यांचे पूर्वज इराणातून आश्रयासाठी या भूमीत आले, त्यांच्याच वंशजांनी आश्रय मागणाऱ्याला हाकलले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी ही वेदना नोंदवून ठेवली आहे. परंतु याच बाबासाहेबांचे कोलंबिया विद्यापीठापासूनचे स्नेही नवल भथेना हे पारशी होते. लंडनचे अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी बाबासाहेबांना पैशांची नड होती, तेव्हा भथेना यांनी त्यांना साहाय्य केले. काठ्या घेऊन आलेलेही त्याच समाजाचे आणि मदतीचा हात देणाराही त्याच समाजाचा. बाबासाहेबांनी काठ्या विसरल्या नाहीत आणि काठ्यांमुळे मित्रही गमावला नाही. समाजाचा दोष परखडपणे सांगावा, पण समोरच्या माणसाची पारख माणूस म्हणूनच करावी, हा धडा आम्ही या दोन प्रसंगांतून घेतो.

भुसावळच्या इराणी वस्तीविषयी लिहिताना हाच धडा आम्हांस मार्गदर्शक वाटतो. हे इराणी हॉटेलवाल्या इराण्यांहून निराळे. हे शिया मुस्लिम. भुसावळ, श्रीरामपूर, पुणे, कल्याणजवळचे आंबिवली अशा ठिकाणी त्यांच्या वस्त्या आहेत. आपले पूर्वज घोड्यांच्या व्यापारानिमित्त या मुलखात आले, असे ते सांगतात. पुढे घोडे गेले, चाकू-कात्र्या आल्या, नंतर चष्मे आणि खडे आले. मोटारगाड्या, दुकाने आणि कारखानी माल यांनी भटक्या व्यापाऱ्याची प्रत्येक उपजीविका पाळीपाळीने हिरावून घेतली. घरात ते अजूनही फारसीच्या वळणाची बोली बोलतात. आमच्या लहानपणी एदलाबादच्या आठवडी बाजारात घोळदार झग्यातील इराणी बाई दिसली की मोठी माणसे मुलांना दटावीत, "गप बस, नाहीतर इराणीण धरून नेईल." त्या बाईने आम्हांला कधी धरून नेले नाही. ती दिवसभर उन्हात बसून कात्र्या विकी आणि सायंकाळी भुसावळच्या गाडीने निघून जाई. पण ते भय मात्र मुलांच्या मनात घर करून राही.

साखळीचोरी, तोतयेगिरी यांच्या बातम्यांत या समाजातील काही व्यक्तींची नावे येतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्याने गुन्हा केला असेल, त्याला कायद्याने शिक्षा व्हावी. आमचा आक्षेप मथळ्याला आहे. इतर चोराची बातमी येते तेव्हा त्याच्या जातीची टोळी मथळ्यात येत नाही. या सवयीचे मूळ जुने आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मतःच गुन्हेगार ही कल्पना सरकारी दप्तरात शिरली. १९०८ साली एम. केनेडी या पोलिस अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील गुन्हेगार वर्गांवर ग्रंथ लिहिला, त्याची प्रकरणेच मुळी जातवार आहेत. रामोशी, कैकाडी, मांग-गारुडी यांची वर्णने त्यात हिंस्र प्राण्यांची करावीत तशी केलेली आहेत. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि ते लोक विमुक्त झाले. मधल्या काळात, १९२८ ते १९३० या वर्षांत, मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सदस्य होते. अस्पृश्य आणि आदिवासी समाजांच्या स्थितीची पाहणी करण्याचे काम या समितीकडे होते, आणि तिचे अध्यक्ष स्टार्ट यांनी पूर्वी गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचा कारभार पाहिलेला होता. कलंकित ठरवलेल्या समाजांचे प्रश्न एकमेकांत कसे गुंतलेले असतात, हे या एका समितीवरूनही ध्यानात येते.

काही वर्षांपूर्वी हा प्रश्न आपल्या शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. एका इराणी कुटुंबाने आपल्या मुलाच्या वसतिगृहप्रवेशासाठी अर्ज केला. पालकसभेत कुजबुज सुरू झाली. एका पालकांनी उघडपणे विचारले, "आमच्या मुलांच्या पेट्यांची जबाबदारी कोण घेणार?" सभा स्तब्ध झाली. तेव्हा संस्थेच्या स्थापनेपासून गावोगाव वर्गणी गोळा करीत फिरलेल्या एक वयोवृद्ध उपासिका उठल्या आणि आपल्या बोलीत म्हणाल्या, "गावात कोंबडी हरपली का पयले आमच्याच वाड्यात झडती व्हायची. माह्या बापानं लय झडत्या देल्या. आता पोरायच्या हाती दोन पुस्तकं आली, तं आपुनच झडती घ्याची का?" यावर कोणी काही बोलले नाही. प्रश्न विचारणारे पालकही काही वेळाने उठून म्हणाले, "आईंचं खरं आहे." अर्ज मंजूर झाला.

मुलगा आला. त्याची ओळख पटेल असे काही आम्ही येथे लिहीत नाही. तो आता आपल्या पायांवर उभा आहे आणि या लेखाचा भार त्याच्यावर पडू नये. एवढेच सांगतो की, पहिल्या महिन्यात तो फारसे बोलत नसे. एके दिवशी गणिताच्या तासानंतर मुलांनी त्याला घरच्या बोलीत अंक म्हणायला लावले. यक, दो, से, चार, पंज असे म्हणत तो हजारापर्यंत आला, आणि हजाराला त्याच्या घरी हजारच म्हणतात हे ऐकून वर्गात एकच हशा पिकला. "म्हणजे आपला हजार ह्यांचा की ह्यांचा हजार आपला?" या प्रश्नावर दोन दिवस वाद चालला. इतिहासाचा आमचा अर्धा धडा त्या वादातच शिकवून झाला.

त्याच वर्षी हिवाळ्यात वसतिगृहाच्या सभागृहात माजीद माजिदी यांचा १९९७ सालचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' हा इराणी चित्रपट दाखवला. बहिणीचे बूट हरवतात, घरी सांगण्याची सोय नाही, म्हणून भाऊ-बहीण एकच जोड पाळीपाळीने वापरतात; धावण्याच्या शर्यतीत तिसऱ्या क्रमांकाला बूट मिळणार असतात आणि भाऊ नेमका पहिला येतो. आपल्या मुलांना यातले काहीही समजावून सांगावे लागले नाही. एकच जोड दोघांत वापरणे म्हणजे काय, हे त्यांतील अनेकांना घरूनच माहीत होते. खालची इंग्रजी अक्षरे वाचता न येणारी लहान मुले त्या मुलाभोवती गोळा झाली, आणि पडद्यावरचे जे चार शब्द त्याला कळत होते ते तो त्यांना सांगत होता. चित्रपट संपल्यावर मुलांनी इराणच्या सरकारविषयी विचारले नाही, धर्माविषयी विचारले नाही. त्यांनी विचारले, "सर, मग तिला बूट मिळाले का?" इराणविषयी यापेक्षा चांगला प्रश्न आम्ही आजवर ऐकलेला नाही.

कोणत्याही देशाची माणसे आणि त्या देशाचे राज्यकर्ते एक नसतात. २०२२ साली इराणी स्त्रिया आपल्या हक्कांसाठी रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्यांच्या घोषणेतील 'जिंदगी' आणि 'आझादी' हे शब्द समजण्यास आपल्या मुलींना भाषांतर लागले नाही. वाहिन्यांवर दिसतो तो इराण सत्तेचा असतो. घरातील, शाळेतील, भाकरीच्या रांगेतील इराण पाहायचा, तर त्यांची गोष्ट ऐकावी लागते. आणि ती ऐकण्यासाठी तेहरानला जाण्याचीही गरज नाही, भुसावळपर्यंत गेले तरी पुरते.

तथागतांनी वसल सुत्तात मनुष्याची पारख त्याच्या जन्मावरून नव्हे, तर आचरणावरून करावी असे समजावले. हे सुत्त आपण विहारात ऐकतो. या स्मरणिकेचे वाचक असलेले आपले अनेक माजी विद्यार्थी आज पोलिस दलात आहेत, महसूल खात्यात आहेत, न्यायालयात आणि वर्तमानपत्रांत आहेत, शिक्षक तर पुष्कळच आहेत. त्यांच्यासमोर कधी ना कधी एखादा कागद येईल आणि त्यावर माणसाच्या नावाआधी 'इराणी' किंवा असाच दुसरा एखादा शब्द लिहिलेला असेल. त्या वेळी त्यांनी त्या माणसाला प्रथम त्याचे नाव विचारावे, मग त्याने काय केले ते विचारावे, आणि जे उत्तर येईल ते त्या एकट्याच्याच नावावर नोंदवावे. आमच्या पिढीने या शाळेत जे शिकवले, ते एवढे घडले तरी सार्थकी लागले असे आम्ही समजू.